थिबा राजा : वाडा मिळाला, पण सहाच वर्षांसाठी

रत्नागिरी : थिबा पॉइंटवर संध्याकाळी भाट्याची खाडी बघायला गर्दी असते. जवळच जांभ्या रंगाचा, उतरत्या छपरांचा राजवाडा उभा आहे. अर्धगोल खिडक्या, नक्षीचं लाकूड, रंगीत काचा. हा वाडा ज्याच्यासाठी बांधला तो राजा मात्र इथला नव्हे, ब्रह्मदेशाचा.

थिबाचा जन्म १८५९ चा. १८७८ ला मंडालेच्या गादीवर बसला. गादी पक्की व्हावी म्हणून राजघराण्यातल्या कित्येकांची कत्तल झाली, तो डाग त्याच्या नावावर आहेच. नोव्हेंबर १८८५ मध्ये इंग्रज चालून आले आणि दोन आठवड्यांत राज्य गेलं. सोन्याच्या महालात राहिलेल्या राजाला राणीसह बैलगाडीतून नदीवर नेलं, बोटीत बसवलं. आधी मद्रास, मग एप्रिल १८८६ मध्ये रत्नागिरी. तेव्हा वय अवघं सत्तावीस. (दिल्लीच्या बहादूरशहा जफरला इंग्रजांनी रंगूनला धाडलं होतं. इकडचा तिकडे, तिकडचा इकडे!)

पुढची चोवीस वर्षं सरकारने दिलेल्या बंगल्यांत गेली. पेन्शन मिळायची, पण पुरायची नाही. सोबत आणलेली माणकं एकेक करून विकली गेली. कुठे जायचं तर परवानगी, सोबत पोलीस. शेवटी १९१० मध्ये राजवाडा तयार झाला. बांधकामात राजाने स्वतः लक्ष घातलं होतं. १९१४ मध्ये मुलींचे कान टोचायचा सोहळा इथेच थाटात झाला. आणि डिसेंबर १९१६ मध्ये राजा गेला.

राणी सुपयालतला त्याचं पार्थिव मायदेशी न्यायचं होतं. इंग्रजांनी ते होऊ दिलं नाही. १९१९ मध्ये रत्नागिरीतच दफन झालं आणि त्यानंतर कुटुंब ब्रह्मदेशात परतलं. वाडा रिकामा पडला. पुढे त्यात सरकारी अधिकारी राहिले, कॉलेजचे वर्ग भरले, आता पुरातत्त्व खात्याकडे आहे.

थोरली राजकन्या मात्र परत आली. वाड्यावरच्या एका मराठी नोकरापासून तिला मुलगी झाली होती. राजकन्या १९४७ मध्ये इथेच वारली. राजाची ती नात मराठी बोलत, गोवऱ्या थापून, कागदाची फुलं करून जगली. २००० साली रत्नागिरीतच गेली.

डिसेंबर २०१२ मध्ये म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन आले, ते शिवाजीनगर भागातल्या थिबाच्या समाधीवर. एवढ्या वर्षांत तिकडून इतका मोठा माणूस पहिल्यांदाच आला होता.