चेकॉव्हची उमेदवारी

रशियाच्या दक्षिणेस, अझोव्ह समुद्राच्या काठी, टॅगनरॉग नावाचे बंदर आहे. तेथे एका किराणा दुकानदाराच्या घरी २९ जानेवारी १८६० रोजी आन्तोन चेकॉव्हचा जन्म झाला. त्याचे आजोबा भूदास, म्हणजे जमीनदाराच्या मालकीचा माणूस. पै पै साठवून १८४१ साली त्यांनी स्वतःचे व कुटुंबाचे स्वातंत्र्य विकत घेतले होते. वडिलांना मात्र व्यापार साधला नाही. १८७६ साली त्यांचे दिवाळे निघाले व सावकारांच्या भयाने ते मॉस्कोस पळून गेले. सोळा वर्षांचा आन्तोन शाळा पुरी करण्यासाठी मागे राहिला. शिकवण्या करून तो आपला चरितार्थ चालवी आणि त्यातूनही चार पैसे घरी धाडी.

१८७९ साली तो मॉस्कोस गेला व वैद्यकीच्या वर्गात दाखल झाला. घरची मंडळी दमट तळघरात राहत होती. वडिलांची प्राप्ती अपुरी, थोरल्या दोघा भावांचा भरवसा नाही. तेव्हा संसाराचा भार या तिसऱ्या मुलाच्या खांद्यावर आला. त्याने लेखणी हाती धरली ती कीर्तीसाठी नव्हे, घरभाडे भागविण्यासाठी.

मार्च १८८० मध्ये ‘स्ट्रेकोझा’ या विनोदी साप्ताहिकाने त्याचा पहिला लेख छापला. मोबदला ओळीमागे पाच कोपेक. शंभर कोपेकांचा एक रूबल होतो. परंतु हा आनंद टिकला नाही. नापसंत लेखांविषयीचे शेरे हे साप्ताहिक एका सदरात सर्वांदेखत छापीत असे. त्याच वर्षाच्या अखेरीस चेकॉव्ह फुलण्यापूर्वीच कोमेजत असल्याचा अभिप्राय तेथे आला. वीस वर्षांच्या मुलाच्या जिव्हारी लागावे असेच ते शब्द होते. त्याने त्या साप्ताहिकाकडे लेख पाठविणे सोडले. लिहिणे सोडले नाही.

१८८२ साली ‘ऑस्कोल्की’ या साप्ताहिकाचे संपादक लेयकिन यांनी त्याला हाताशी धरले. दर ओळीस आठ कोपेक. पण गोष्ट सुमारे शंभर ओळींपलीकडे जाता कामा नये, हा दंडक. म्हणजे एका गोष्टीचे फार तर आठ रूबल! दिवसा रुग्णालय व अभ्यास, रात्री लेखन. शेजारच्या खोलीत पाहुण्यांचे मूल रडत आहे, दुसरीकडे वडील आईला मोठ्याने पुस्तक वाचून दाखवीत आहेत, कोणी वाद्यपेटीस किल्ली दिली आहे, अशा गलबल्यात तो लिहीत असे. या जाचाबद्दल त्याने पुष्कळ कुरकुर केली. तरी त्याची खरी शाळा हीच, असे म्हणावे लागते. शंभर ओळींत पाल्हाळास जागा नसते. पात्राचे कुलवृत्त, देखाव्याचे लांबलचक वर्णन, हे सारे गाळून एखाद्या हालचालीत माणूस उभा करणे त्याला भाग पडले.

१८८४ साली तो डॉक्टर झाला. त्याच हिवाळ्यात त्याच्या थुंकीतून रक्त पडले. त्याने ते मनावर घेतले नाही. निदान तसे दाखविले नाही.

जानेवारी १८८६ मध्ये एका वृत्तपत्रात त्याची एक छोटी गोष्ट आली. योना नावाच्या वृद्ध गाडीवानाचा मुलगा नुकताच वारला आहे. ते दुःख कोणाला तरी सांगावे म्हणून तो एकेका उतारूजवळ तोंड उघडतो. पण कोणास सवड नाही. शेवटी रात्री तबेल्यात तो आपल्या घोडीलाच सारी हकीकत सांगतो. लेखक कोठेही अश्रू ढाळीत नाही. आरंभी निश्चल बसलेल्या गाडीवानावर व घोडीवर बर्फ साचत असते, एवढेच तो दाखवितो. ही गोष्टही ‘आन्तोशा चेकॉन्ते’ या टोपणनावानेच प्रसिद्ध झाली. आपले खरे नाव त्याने वैद्यकीसाठी राखून ठेवले होते.

मार्च महिन्यात त्याला एक अनपेक्षित पत्र आले. ते साठी उलटलेले ख्यातनाम लेखक ग्रिगोरोविच यांचे होते. चेकॉव्हची एका शिकाऱ्यावरील गोष्ट त्यांनी वाचली होती. त्याच्या अंगी असामान्य गुण आहेत, म्हणून त्याने घाईचे लेखन सोडावे, प्रसंगी उपास काढावेत, पण विचारपूर्वक लिहावे, असे त्यांनी कळकळीने कळविले होते. चेकॉव्ह गहिवरला. आपण कोणत्याही गोष्टीवर एका दिवसाहून अधिक वेळ खर्च केल्याचे आठवत नाही व ती शिकाऱ्याची गोष्ट तर स्नानाच्या ठिकाणी बसून लिहिली, असे त्याने उत्तरात मोकळेपणाने सांगितले.

उपदेश मानणे सोपे नव्हते. घरात खाणारी तोंडे होतीच. त्या वर्षीही त्याने शंभराच्या आसपास गोष्टी लिहिल्या. त्यांतच वांका या नऊ वर्षांच्या मुलाची गोष्ट आहे. चांभाराकडे कामास ठेवलेला हा पोर, मला येथून घेऊन जा, असे आजोबांना पत्र लिहितो आणि पत्त्यात केवळ आजोबांचे नाव व ‘खेडेगावी’ एवढेच घालून ते पेटीत टाकतो. गोष्टीत पुढे काय झाले ते सांगितलेले नाही, आणि सांगण्याची गरजही नाही. हळूहळू संख्या मात्र घटली. १८८८ साली त्याने बोटांवर मोजण्याइतक्याच गोष्टी लिहिल्या. त्याच वर्षी त्याला पुश्किन पारितोषिक मिळाले.

पुढे नवखे लेखक त्याच्याकडे हस्तलिखिते पाठवू लागले. तो ती काळजीपूर्वक वाची. तरुण गॉर्कीला त्याने विशेषणे कमी करण्यास सुचविले. इतरांना तो गोष्टीचा आरंभ व शेवट खोडून पाहावयास सांगे.

१८९९ साली मार्क्स नावाच्या प्रकाशकाने त्याच्या समग्र लेखनाचे हक्क ७५,००० रूबलांस घेतले. तेव्हा क्षयाने खंगलेला चेकॉव्ह याल्टा येथे राहत होता. जुन्या साप्ताहिकांतील गोष्टी नकलून आणवून त्याने एकेक तपासली. कित्येक पुन्हा लिहून काढल्या व कित्येक संग्रहातून सरळ गाळून टाकल्या. शिकारी, गाडीवान आणि वांका यांना मात्र त्याने जागा दिली.