कधीही पूर्ण न होणारे उद्यान

मिकी माउसचे जनक म्हणून वॉल्ट डिस्ने यांचे नाव जगभर लहानथोरांना ठाऊक आहे. परंतु आयुष्याच्या उत्तरार्धात त्यांना ज्या गोष्टीचा ध्यास लागला, ती पडद्यावर पाहायची नव्हती, तर पायी हिंडून अनुभवायची होती.

डिस्ने यांचा जन्म ५ डिसेंबर १९०१ रोजी अमेरिकेतील शिकागो येथे झाला. बालपणीची काही वर्षे मिझुरी राज्यातील मार्सलीन या लहानशा गावात गेली. पुढे कॅन्सस सिटीत पहाटे उठून, प्रसंगी बर्फ तुडवत, त्यांना घरोघरी वर्तमानपत्रे टाकावी लागली. त्यांची पहिली चित्रसंस्था १९२३ मध्ये दिवाळखोरीत गेली. त्याच वर्षी ते हॉलिवूडला आले आणि थोरले बंधू रॉय यांच्या साथीने त्यांनी नव्याने सुरुवात केली. १९२८ मध्ये मिकी आणि १९३७ मध्ये हिमगौरीवरील पूर्ण लांबीचा व्यंगपट यांमुळे त्यांची कीर्ती सर्वदूर पसरली.

सुटीच्या दिवशी ते आपल्या दोन मुलींना बागेत नेत. मुली लाकडी घोड्यांच्या चक्रावर बसत आणि वडील बाकावर बसून राहत. मोठ्यांनी केवळ वाट पाहत का बसावे, हा प्रश्न त्यांना तेथेच पडला. रॉय यांना उद्यानाची कल्पना फारशी पटली नव्हती. तेव्हा डिस्ने यांनी स्वतःच्या आयुर्विम्यावर कर्ज काढले. अखेर एका दूरचित्रवाणी कंपनीशी करार होऊन पैसा उभा राहिला. कॅलिफोर्नियातील अनाहाइम येथे संत्र्यांच्या बागांची १६० एकर जमीन घेण्यात आली आणि १७ जुलै १९५५ रोजी डिस्नेलँडचे उद्घाटन झाले. तो दिवस फजितीचा ठरला. खोट्या निमंत्रणपत्रिका घेऊन गर्दी लोटली, उन्हाने वितळलेल्या डांबरात स्त्रियांच्या उंच टाचा रुतल्या आणि नळकामगारांच्या संपामुळे पिण्याच्या पाण्याच्या तोट्या कोरड्या राहिल्या.

चित्रपट एकदा प्रदर्शित झाला की त्यात बदल करता येत नाही, उद्यानात मात्र तो रोज करता येतो, याचे डिस्ने यांना विशेष अप्रूप होते. जगात कल्पनाशक्ती आहे तोवर आपले उद्यान पूर्ण होणार नाही, असे ते म्हणत. काम केवळ बोलण्यावर थांबले नाही. पहिल्याच हिवाळ्यात सुरू केलेली सर्कस चालत नाही असे दिसताच काही आठवड्यांत ती बंद झाली. सर्वांत लवकर जुना झाला तो भविष्यकाळ! ‘टुमॉरोलँड’ या विभागात १९८६ सालचे जग दाखवण्याचा संकल्प होता. पण पैसा आणि वेळ अपुरा पडल्याने तेथे कंपन्यांची प्रदर्शनेच अधिक भरली. १९५७ मध्ये तेथे प्लॅस्टिकचे ‘भविष्यातले घर’ उभारले गेले. दहा वर्षांतच ते कालबाह्य ठरले. पाडायला घेतले तेव्हा लोखंडी गोळा त्याच्या भिंतींवर आदळून परत येई, इतके ते मजबूत होते. घर टिकले, त्यातला भविष्यकाळ टिकला नाही.

जंगलातल्या नदीवरील नौकासफर आरंभी माहितीपटासारखी गंभीर होती. ती एकदा पाहिली आहे, पुन्हा कशाला, असे एका प्रेक्षकाचे बोलणे डिस्ने यांच्या कानी पडले, अशी आठवण सांगितली जाते. पुढे चित्रकार मार्क डेव्हिस यांनी तिला विनोदी वळण दिले आणि १९६२ मध्ये भारतीय हत्तींचे स्नानदृश्य तिच्यात आले.

१५ डिसेंबर १९६६ रोजी डिस्ने यांचे निधन झाले. मोडलेले आणि कंटाळवाणे काय, हे त्यांची नजर अचूक हेरत असे. पण अपमानास्पद काय, हे तिला नेहमी दिसले नाही. त्याच नौकासफरीत आदिवासींना नरमुंडांची शिकार करणारे रानटी म्हणून रंगवले होते. त्यांच्या देखरेखीखाली आखलेल्या आणि १९६७ मध्ये खुल्या झालेल्या समुद्री चाच्यांच्या सफरीत दोरीने बांधलेल्या स्त्रियांचा लिलाव हा हसण्याचा विषय होता. २०१८ मध्ये तो प्रसंग बदलला. लिलावातली लाल केसांची स्त्री आता स्वतःच चाची झाली. २०२१ मध्ये आदिवासींची ती चित्रे गेली. डिस्ने यांच्या १९४६ च्या एका चित्रपटात दक्षिणेतील कृष्णवर्णीय मजुरांचे जीवन सुखाचे भासवले होते आणि त्याच वेळी त्यावर आक्षेप घेतले गेले होते. त्या चित्रपटातील प्राण्यांवर १९८९ मध्ये बेतलेली जलघसरगुंडी २०२३ मध्ये बंद झाली. २०२४ मध्ये तिच्या जागी कृष्णवर्णीय राजकन्या टियाना हिची कथा आली.

या बदलांवर पुष्कळांनी नाराजी व्यक्त केली. ती समजण्याजोगी आहे, कारण ज्या देखाव्यापाशी आपण आईवडिलांचे बोट धरून उभे राहिलो, तो नाहीसा होणे कोणालाही टोचते. मात्र त्याच रांगेत उभ्या असलेल्या दुसऱ्या एखाद्या मुलाला तेथे आपल्याच पूर्वजांची थट्टा दिसत असेल, तर त्याच्या आठवणीचेही मोल धरावे लागते. डिस्ने यांना हे सारे बदल रुचले असते असे म्हणता येणार नाही. पण त्यांच्या नावाने उद्यान गोठवून ठेवणे त्यांच्या रीतीशी मुळीच जुळत नाही. नौकासफर आजही चालू आहे. काठावरची माणसे बदलली. हत्तींचे स्नान तसेच चालू आहे.