रंग सगळ्यात शेवटी!

गल्लीच्या टोकाला, फाटक्या ताडपत्रीखाली एक जुनी कॉन्टेसा उभी असते. चारही टायर बसलेले, हेडलाइटमध्ये कोळ्याचं जाळं, दाराच्या खालच्या कडेला गंज. पण ते लांबलचक बॉनेट आणि चौकोनी तोंड बघितलं की पाय थबकतातच. १९८४ ते २००२ या काळात हिंदुस्तान मोटर्सने बनवलेली ही गाडी म्हणजे अमेरिकन मसल कारच्या जवळ जाणारं आपल्याकडचं रूप. मालक गाडी काढायच्या विचारात असतो, तुमच्याकडे पार्टटाइम कामातून साठवलेले थोडे पैसे असतात आणि डोक्यात पहिला प्रश्न येतो, तो म्हणजे रंग कोणता मारायचा? मॅट ब्लॅक की चेरी रेड?

थांबा. नवशिक्या पोरांचं बजेट इथेच बुडतं. आधी चकचकीत रंग होतो, मग कळतं की खालचा पत्रा सडलाय, ब्रेक लागत नाहीत आणि वायरिंग कधीही पेट घेईल. सगळं परत खोलायचं, म्हणजे रंगाचा खर्च पाण्यात.

म्हणून आज एका माणसाची गोष्ट. त्याने आयुष्यभर यंत्रं उघडली, जोडली, सुधारली आणि शेवटी स्वतः बनवली. सुरुवातीला हातात पैसा नव्हता, इंजिनिअरिंगची डिग्री तर कधीच नव्हती. आणि गंमत म्हणजे त्याला रंग नीट ओळखताच येत नव्हते. नाव लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर.

चित्रकार व्हायचं होतं...

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. वडील वेदान्ताचे अभ्यासक. पोराचं लक्ष मात्र पुस्तकात कमी आणि चित्रांत, यंत्रांत जास्त. अशा मुलाचं काय करायचं, हा प्रश्न तेव्हाच्या घरालाही पडला आणि आजच्याही पडतो. थोरले भाऊ रामूअण्णा त्याच्या मागे उभे राहिले आणि १८८५मध्ये लक्ष्मण मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाला.

साधारण दोन वर्षं झाली आणि लक्षात आलं की याला काही रंगांतला फरकच कळत नाही. आपण ज्याला कलर ब्लाइंडनेस म्हणतो, तो अंशतः होता. चित्रकार व्हायला घर सोडून आलेल्या पोरासाठी हा केवढा धक्का असेल, कल्पना करा. करिअरच संपलं की!

पण त्याच संस्थेत मेकॅनिकल ड्रॉइंगही शिकवलं जायचं. तिथे रंगांची गरज नाही. रेघ सरळ हवी, माप अचूक हवं आणि यंत्राचा कुठला भाग कुठे बसतो, ते डोक्यात स्पष्ट हवं. लक्ष्मणराव तिकडे वळले आणि त्यात तरबेज झाले. त्या जोरावर व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये, त्यांना ड्रॉइंग शिकवण्याची नोकरी मिळाली. पगार महिना ४५ रुपये.

वर्कशॉपमध्ये शिरलेला मास्तर

ड्रॉइंगच्या मास्तरचं काम कागदावर संपतं. लक्ष्मणरावांचं संपत नव्हतं. रिकामा वेळ मिळाला की ते संस्थेच्या वर्कशॉपमध्ये. कागदावर काढलेला पार्ट लेथवर कसा उतरतो, बिघडलेलं यंत्र कुठे अडलंय, हे ते हाताने बघून शिकले. बाकीचं शिक्षण पुस्तकांतून आणि अमेरिकेतून येणाऱ्या तांत्रिक मासिकांतून. आज आपण रात्री दोनपर्यंत व्हिडिओ बघून कार्ब्युरेटर खोलायला शिकतो, तसंच काहीसं. फरक एवढाच, की त्यांचा व्हिडिओ बोटीने यायचा.

याच काळात सायकल नावाचं नवं यंत्र रस्त्यावर आलं होतं. तेव्हाची सायकल म्हणजे आजची सुपरबाइकच, कौतुकाने बघावी आणि पैसेवाल्यांनीच घ्यावी अशी. लक्ष्मणराव मुंबईत सायकली घ्यायचे आणि बेळगावला रामूअण्णांकडे पाठवायचे. रामूअण्णा त्या विकायचे, दुरुस्त करायचे आणि लोकांना चालवायलाही शिकवायचे. शिकवणीची फी १५ रुपये. मास्तरच्या महिन्याच्या पगाराचा तिसरा हिस्सा! बेळगावच्या या छोट्या दुकानामुळेच किर्लोस्कर समूह आपली सुरुवात १८८८पासून मोजतो.

मुंबईत सगळं छान चाललं होतं असं नाही. लक्ष्मणरावांनी जोडधंदा म्हणून बटणं बनवायचा प्रयत्न केला, तो चालला नाही. पुढे नोकरीत हक्काची बढती आली, तेव्हा त्यांना डावलून ती एका अँग्लो-इंडियन सहकाऱ्याला दिली गेली. हे त्यांना लागलं. त्यांनी नोकरी सोडली आणि बेळगावचा रस्ता धरला.

तीन मशीन आणि एक इंजिन

आता त्यांचं पहिलं वर्कशॉप बघा. एक छोटा लेथ, एक छोटं ड्रिलिंग मशीन, एक एमरी ग्राइंडर आणि ती चालवायला एक लहान इंजिन. झालं. आज वाळूजच्या एखाद्या शेडमध्येही यापेक्षा जास्त सामान सापडेल.

एवढ्यावर त्यांनी बनवलं काय? जनावरांसाठी कडबा कापायचं यंत्र. यात दिखाऊ काही नव्हतं, पण आजूबाजूच्या शेतकऱ्याला ते लागत होतं. मग डोक्यात आला लोखंडी नांगर. लाकडी नांगर जमीन वरवर उकरायचा. लोखंडी नांगर माती खोलवर पलटी करायचा. परदेशी लोखंडी नांगर होते, पण ते आपल्या मातीला, आपल्या बैलांना आणि आपल्या शेतकऱ्याच्या खिशाला बसणारे हवे होते. १९०३च्या सुमारास किर्लोस्करांचा नांगर तयार झाला.

पण घ्यायला कुणी येईना. लोखंडामुळे जमिनीत विष उतरतं, अशी समजूत होती. बनवलेले पहिले सहा नांगर विकायला दोन वर्षं लागली. दोन वर्षं! आपण पोस्टला दोन तासांत लाइक आले नाहीत तर डिलीट करतो.

आणि विकल्यावरही तक्रार आलीच. फाळाचं टोक पुरेसं कठीण नाही, लवकर झिजतं. इथे खरी परीक्षा होती. एवढ्या मुश्किलीने गिऱ्हाईक मिळालंय, त्याला काहीतरी सांगून गप्प करता आलं असतं. वरून रंगाचा एक हात मारून माल पुढे ढकलताही आला असता. लक्ष्मणराव पुन्हा पुस्तकांकडे वळले. ओतीव लोखंड कठीण कसं करायचं, ते शोधलं, करून बघितलं, फसलं, परत केलं. नांगराचं नाव झालं ते या टोकामुळे.

वर्कशॉपच उठवलं

धंदा बसतोय असं वाटत असतानाच दुसरा दणका बसला. बेळगावात नगरपालिकेला वस्तीच्या विस्तारासाठी जमीन हवी होती आणि त्यात कारखान्याची जागाही गेली. चाळिशीतला माणूस, पदरी संसार, भट्टी आणि मशीन घेऊन जायचं कुठे?

मदतीला आले औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी. औंध हे आजच्या सातारा-सांगली भागात विखुरलेलं छोटं संस्थान. बाळासाहेब स्वतः चित्रकार होते. म्हणजे रंग न दिसणाऱ्या यांत्रिकाला हात दिला तो रंगांत रमणाऱ्या राजाने! त्यांनी कुंडल रोड रेल्वे स्टेशनजवळची ३२ एकर जमीन आणि १० हजार रुपयांचं कर्ज दिलं. साल १९१०.

जमीन म्हणजे नुसता माळ. निवडुंग, साप, विंचू आणि पाण्याची मारामार. लक्ष्मणराव, रामूअण्णा आणि जिवाला जीव देणारे मोजके सहकारी कुटुंबांसह तिथे राहायला गेले. शंभूअण्णा जांभेकर यंत्रांवर, मंगेशराव रेगे हिशेबावर, रामूअण्णा गावाच्या व्यवस्थेवर, अशी कामं वाटून घेतली. माळावर कारखाना उभा राहिला आणि सोबत गावही. तेच आजच्या सांगली जिल्ह्यातलं किर्लोस्करवाडी. पुढे स्टेशनचं नावही बदलून तेच झालं.

या वाडीत शिवाशिव पाळायची नाही, हा लक्ष्मणरावांचा नियम होता. शिक्षा भोगून आलेल्या माणसांना त्यांनी रात्रीच्या पहाऱ्यावर ठेवलं, कारखान्याच्या चाव्यांजवळ. ज्यांना कुणी दारात उभं करत नव्हतं, त्यांच्यावर भरवसा टाकला. टाकाऊ म्हणून बाजूला ठेवलेल्याचा उपयोग बघायची ही नजर लोखंडापुरती नव्हती.

तोफा वितळल्या

१९१४मध्ये पहिलं महायुद्ध सुरू झालं. परदेशातून येणारं कच्चं लोखंड आटलं, भट्टीचा कोळसा मिळेना. मागणी मात्र वाढलेली. साधा हिशेब सांगत होता की कारखाना बंद करा.

लक्ष्मणरावांनी लाकडी कोळशावर भट्टी चालवून बघितली. आणि लोखंडासाठी नजर गेली जुन्या तोफांवर. कोल्हापूर संस्थानात जुन्या, निकामी तोफा पडून होत्या. शाहू महाराजांनी त्या देऊ केल्या. एकेकाळी किल्ल्यावरून आग ओकणाऱ्या तोफा भट्टीत गेल्या आणि नांगर होऊन शेतात उतरल्या. देशात भंगाराचा यापेक्षा भारी वापर क्वचितच झाला असेल.

१९२०मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड कंपनी झाली. उसाचे चरक, शेंगा फोडायची यंत्रं, पंप, लोखंडी फर्निचर, यादी वाढत गेली. पुतण्या आणि मुलगा इंजिनिअरिंग शिकायला अमेरिकेला गेले. मुलगा शंतनुराव एमआयटीतून शिकून परतला आणि पुढे इंजिनांच्या धंद्यात उतरला. आपल्या मराठवाड्यात आजोबांच्या पिढीला विचारा, विहिरीवरच्या इंजिनासोबत किर्लोस्कर हे नाव हमखास निघेल. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव गेले. जन्मशताब्दीला, १९६९मध्ये, सरकारने त्यांचं टपाल तिकीट काढलं.

आता ताडपत्री उचला

परत येऊ त्या कॉन्टेसाकडे. लक्ष्मणरावांनी कधी कॉन्टेसा बघितली नाही, पण त्यांच्या कामाचा क्रम इथे जसाच्या तसा लागू पडतो.

सगळ्यात आधी कागद. आरसी कुणाच्या नावावर आहे, चासी नंबर जुळतो का, १५ वर्षांनंतरचं रजिस्ट्रेशन नूतनीकरण झालंय का, हे आरटीओत विचारल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका. मग गाडीखाली झोपा. फ्लोअर, दाराखालच्या पट्ट्या, चाकांच्या वरचा भाग टोकदार स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा. आत घुसला तर पत्रा सडलाय. या गाडीला वेगळी चासी नाही, बॉडीच सगळा भार उचलते. त्यामुळे खालचा पत्राच गेला असेल, तर कमी बजेटमध्ये हात जोडून मागे फिरा. इंजिन एकवेळ दुरुस्त होतं, पण सडलेली बॉडी खिसा रिकामा करते.

गाडी घेतलीच, तर आधी ब्रेक. मास्टर सिलिंडर, चाकांचे सिलिंडर, रबरी पाइप. चालणारी गाडी थांबली पाहिजे. मग पेट्रोलची टाकी आणि लाइन साफ, मग वायरिंग, मग इंजिन आणि सस्पेन्शन, टायर. प्रत्येक भाग खोलण्याआधी मोबाइलवर फोटो काढा. नटबोल्ट पिशव्यांत भरून वर चिठ्ठी लावा. तीन महिन्यांनी तो बोल्ट कुठला, हे तुम्हाला आठवणार नाही, पैज लावा! हातातल्या पैशांतला एक हिस्सा बाजूला ठेवा, कारण जुनी गाडी खोलल्यावर न मोजलेला खर्च निघतोच.

आणि एकट्याने करू नका. आपण संभाजीनगरात राहतो. वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा इथे आयुष्य लेथवर आणि असेंब्ली लाइनवर घालवलेले काका प्रत्येक कॉलनीत आहेत. लक्ष्मणराव ज्यासाठी परदेशी मासिकांची वाट बघायचे, ते ज्ञान तुमच्या शेजारी चहा पित बसलंय. दोन कप सांगा आणि विचारा.

हे सगळं झालं, गाडी स्वतःच्या चाकांवर गल्लीतून फिरून आली, ब्रेक दाबल्यावर जागेवर थांबली, मग खुशाल मित्रांना बोलवा आणि मॅट ब्लॅक की चेरी रेड यावर भांडत बसा.