गंगाखेडची जनी : आईबापाविना परक्या घरी राबलेल्या लेकराची गोष्ट

गंगाखेड : आषाढी वारीच्या दिवसांत शेगावची पालखी गंगाखेडवरून पंढरपूरला जाते. गोदाकाठच्या जनाबाईच्या मंदिरात वारकऱ्यांची गर्दी होते. सातशे वर्षांपूर्वी याच गावची एक लहान पोर पंढरपूरला गेली. ती परत गावी नांदायला आली नाही. ती म्हणजे संत जनाबाई.

जनीचा जन्म गंगाखेडच्या एका गरीब घरातला. वडिलांचं नाव दमा आणि आईचं करुंड, असं परंपरा सांगते. ती पाच-सहा वर्षांची असतानाच पंढरपूरला दामाशेटी शिंप्याच्या घरी राहिली. कसं, याच्या दोन गोष्टी सांगतात. कुणी म्हणतं, आई वारली आणि बापानं तिला तिथं ठेवलं. कुणी म्हणतं, वारीला गेलेली पोर विठ्ठलाला सोडून परत यायलाच तयार झाली नाही. दोन्ही गोष्टींत शेवट मात्र एकच. आईबाप जवळ नाहीत, घर परक्याचं आणि पदरात काम.

दामाशेटी म्हणजे संत नामदेवांचे वडील. घर मोठं होतं. दामाशेटी, गोणाई, नामदेव, राजाई, पुढं नामदेवांची चार मुलं, चार सुना, मुलगी आणि बहीण. जनी धरून पंधरा माणसं. एवढ्या घराचं दळण, कांडण, सडा-सारवण, पाणी, धुणं आणि रानातून शेणी वेचून आणणं, ही कामं जनीकडं. तेव्हा पिठाची गिरणी नव्हती. पहाटे उठून जात्यावर पीठ काढल्याशिवाय भाकरी होत नसे.

घर भक्तांचं होतं. कीर्तन, नामस्मरण रोज कानावर पडे. त्यातूनच जनी अभंग रचायला लागली. तिच्या नावावर आज साडेतीनशेच्या आसपास अभंग आहेत. त्यांत ती स्वतःला नामदेवांची दासी म्हणवते. पोरकेपणही लपवत नाही. विठ्ठलालाच आईबाप मानते, त्याच्यावर रुसते, चिडली तर त्याला शिव्याही घालते.

तिच्या अभंगांत विठ्ठल सोन्याच्या सिंहासनावर बसून राहत नाही. तो तिच्यासोबत जात्याचा खुंटा धरतो, शेणी वेचतो, पाणी भरतो, तिची वेणी घालतो. आपण ही गोष्ट चमत्कार म्हणून ऐकतो. पण ज्या लेकराच्या डोक्यात ऊ झाली तर बघणारं कुणी नाही, त्यानं देवाकडं नेमकं हेच मागितलं, हे ध्यानात घ्यायला पाहिजे.

तिच्याबद्दल आणखी एक कथा घरोघरी सांगतात. विठ्ठलाच्या गळ्यातलं पदक हरवलं. आळ आला जनीवर, कारण ती कामवाली आणि तिच्या बाजूनं बोलणारं कुणी नाही. चंद्रभागेच्या वाळवंटात तिला सुळावर द्यायला नेलं आणि सुळाचंच पाणी झालं. कथेत देव धावून आला. परक्या घरी काही हरवलं की पहिला संशय कामाच्या पोरावर जातो, ही रीत मात्र जुनीच.

शके १२७२, म्हणजे इसवी सन १३५० च्या आषाढ वद्य त्रयोदशीला नामदेवांसोबत जनाबाईनंही पंढरपुरात समाधी घेतली, असं मानतात. पंढरपूरजवळ गोपाळपूरला तिचं जातं आजही दाखवतात. गंगाखेडला तिच्या नावानं महाविद्यालय आहे. जिला शाळेचं तोंडही दिसलं नाही, तिच्या नावाच्या कॉलेजात आज मुली शिकतात.

तरी जनीसारखी लेकरं संपलेली नाहीत. घरची अडचण, डोक्यावरची उचल किंवा ओळखीच्या माणसाचा शब्द, एवढ्यावर पोर शहरात धुण्याभांड्याला, हॉटेलात नाहीतर ढाब्यावर जाते. खाऊन-पिऊन सुखी राहील, असं आईबापाला वाटतं. पण तिला मारलं, पगार बुडवला, आजारी पडली, तर ते गावाकडं कळायलाच महिने जातात.

जनीच्या काळी याला कायदा नव्हता. आज आहे. घरकाम, हॉटेल आणि ढाब्यावर १४ वर्षांखालच्या मुलांना ठेवायला १० ऑक्टोबर २००६ पासून बंदी आली. २०१६ च्या दुरुस्तीनं १४ वर्षांखालच्या मुलाला कुठल्याही कामावर ठेवणं गुन्हा ठरलं. सूट आहे ती फक्त शाळा सांभाळून घरच्या कामात केलेल्या मदतीला आणि कलाकार म्हणून केलेल्या कामाला. १४ ते १८ वयाच्या मुलांना धोक्याच्या कामावर ठेवता येत नाही. ६ ते १४ वयाच्या प्रत्येक मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क आहे. आईबाप ऊसतोडीला जाणार असतील, तर लेकरांना गावातच ठेवता यावं म्हणून हंगामी वसतिगृहाची योजना आहे. मुख्याध्यापकांकडं हंगामाआधीच चौकशी करावी.

असं एकटं राबणारं लेकरू कुठं दिसलं, तर १०९८ हा चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर रात्रंदिवस चालू असतो. फोनला पैसे पडत नाहीत.