ए गटातील उपगटांचा शोध घेणारे लुडविक हिर्शफेल्ड

रक्तगटांना ए, बी, ओ ही नावे देणाऱ्या संशोधकांपैकी एक असलेले लुडविक हिर्शफेल्ड यांचा जन्म ५ ऑगस्ट १८८४ रोजी वॉर्सा येथे ज्यू कुटुंबात झाला. जर्मनीतील हायडेलबर्ग येथे एमिल फॉन डुंगर्न यांच्यासह त्यांनी १९१० मध्ये रक्तगट आनुवंशिक असल्याचे सिद्ध केले. पुढच्याच वर्षी ए गटातही दोन उपगट असल्याचे त्यांनी दाखवले. त्यांतील ए-२ मध्ये ए प्रतिजन कमी असते. त्यामुळे ए-२ बी रक्त चुकून बी ठरण्याचा धोका असतो.

पहिल्या महायुद्धात सलोनिका येथे पत्नी डॉ. हान्ना यांच्यासह त्यांनी अनेक देशांच्या सैनिकांचे रक्त तपासले. बी गटाचे प्रमाण भारतीय सैनिकांत सर्वाधिक आढळले.

१९४१ मध्ये नाझींनी त्यांना वॉर्साच्या ज्यू वस्तीत कोंडले. तेथेही ते टायफसशी लढले आणि त्यांनी वैद्यकीय विद्यार्थ्यांना शिकवले. तेथून निसटल्यावर अज्ञातवासात त्यांची एकुलती कन्या दगावली.

१९५२ मध्ये मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे व सहकाऱ्यांनी, ओ भासणारा परंतु ओ रक्तही न चालणारा ‘बॉम्बे’ रक्तगट नोंदवला. ७ मार्च १९५४ रोजी व्रोत्स्वाफ येथे हिर्शफेल्ड यांचे निधन झाले. तेथील रोगप्रतिकारशास्त्र संस्थेला त्यांचे नाव देण्यात आले आहे.