कडेवर लेकरू, हाती लेखणी : आयडा वेल्स

बाईला मूल झाले की तिची लेखणी थांबते आणि चळवळीला तिचा उपयोग राहत नाही, असे आपल्याकडे सर्रास बोलले जाते. बोलणारे सगळे मनुवादीच असतात असेही नाही. निळ्या झेंड्याखाली उभे राहणारेही बोलतात. त्यांच्यासाठी आम्ही आज एका कृष्णवर्णीय संपादिकेची हकिकत सांगणार आहोत. गुलामांच्या मुक्तीसाठी झीज सोसणाऱ्या ज्या अमेरिकन लोकांना महात्मा फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली, त्यांच्याच देशात ती जन्मली. गुलामी कायद्याने गेल्यावरही काळ्यांच्या नशिबी काय उरले, हे तिने जगाला सांगितले.

आयडा बी. वेल्स यांचा जन्म १६ जुलै १८६२ रोजी मिसिसिपी राज्यातील होली स्प्रिंग्ज गावी झाला, आणि तोही गुलाम म्हणून. बाप सुतार, आई स्वयंपाकीण. गुलामी संपताच आईबापांनी मुलांना शाळेत घातले. आई स्वतः मुलांबरोबर शाळेत जाऊन बसली आणि वाचायला शिकली. ज्यांना अक्षर नाकारले गेले त्यांना अक्षराची किंमत काय असते, हे आपल्या वाचकांना समजावून सांगायला नको.

१८७८ साली पीतज्वराची साथ आली. आईबाप आणि धाकटा भाऊ तिने ओढून नेले. सहा भावंडे उरली, त्यात थोरली आयडा सोळा वर्षांची. वडिलांचे स्नेही जमले आणि एकेक लेकरू एकेका घरी द्यायचे ठरवू लागले. एक बहीण अपंग होती, तिला घ्यायला कोणी तयार नव्हते. तिची रवानगी अनाथ-अपंगांच्या सरकारी आश्रयगृहात करावी असा विचार निघाला. आयडाने साफ नकार दिला. आपली भावंडे एकत्रच राहतील आणि त्यांना आपण पोसू, असे तिने सांगितले. वय जास्त दिसावे म्हणून झगे लांब करून घेतले, शिक्षिकेची परीक्षा दिली आणि सहा मैलांवरच्या खेड्यात महिना २५ डॉलरची नोकरी धरली. शुक्रवारी खेचरावर बसून घरी यायचे, दोन दिवस धुणे, इस्त्री, स्वयंपाक उरकायचा आणि रविवारी पुन्हा खेचर गाठायचे. स्वतःची लेकरे होण्याच्या कितीतरी आधी ही मुलगी आई झाली होती.

पुढे ती मेम्फिसला आली. रेल्वेच्या बायकांच्या डब्यातून काळी म्हणून तिला ओढून बाहेर काढले, तेव्हा तिने कंपनीवर दावा लावला. १८८४ मध्ये ५०० डॉलर भरपाई मिळवली. १८८७ मध्ये टेनेसीच्या वरिष्ठ न्यायालयाने तो निकाल फिरवला. त्याच सुमारास ती आयोला या टोपणनावाने लिहू लागली होती. १८८९ साली ‘फ्री स्पीच’ या पत्रात तिने एक तृतीयांश भागीदारी घेतली आणि संपादक झाली. काळ्यांच्या शाळांची दुर्दशा छापली म्हणून १८९१ मध्ये शिक्षिकेची नोकरी गेली. मग गावोगाव हिंडून तिने वर्गणीदार जमवले. पत्र गुलाबी कागदावर निघू लागले, कारण निरक्षर गिऱ्हाइकाला दुसरेच पत्र खपवून फसवले जात होते. रंग ओळखून त्याने आपले पत्र मागावे, ही त्यातली युक्ती. वाचता न येणारा माणूसही वर्तमानपत्र विकत घेत होता, घरी नेऊन कुणाकडून वाचून घेत होता.

मार्च १८९२ मध्ये मेम्फिसला तीन काळ्या दुकानदारांना जमावाने तुरुंगातून काढून ठार मारले. त्यांतला टॉमस मॉस हा आयडाचा जिवलग मित्र, त्याच्या मुलीची ती धर्ममाता. या तिघांचा गुन्हा एवढाच, की त्यांच्या किराणा दुकानामुळे जवळच्या गोऱ्या दुकानदाराचा धंदा बसला होता. याला तिकडे लिंचिंग म्हणतात. २००६ चे खैरलांजी ज्यांच्या काळजात आहे त्यांना या शब्दाचा अर्थ वेगळा सांगायला नको. गोऱ्या बाईची अब्रू घेतली म्हणून काळ्याला मारले जाते, हे नेहमीचे कारण बहुतेक वेळा थोतांड असते, असे आयडाने बेधडक छापले. मे महिन्यात जमावाने ‘फ्री स्पीच’चे कार्यालय उद्ध्वस्त केले. ती त्या वेळी गावाबाहेर होती म्हणून वाचली. परतलीस तर जीव जाईल असे निरोप आले. त्यानंतर न्यूयॉर्कच्या पत्रातून लेखन, ‘सदर्न हॉरर्स’ ही पुस्तिका, १८९३ आणि १८९४ मधले इंग्लंडचे दौरे, आणि १८९५ मध्ये ‘द रेड रेकॉर्ड’. तिने आकडेवारी घेतली ती गोऱ्यांच्याच वर्तमानपत्रांतून, म्हणजे खोटे म्हणायला कोणाला तोंड राहू नये.

२७ जून १८९५ रोजी शिकागोत त्यांचे लग्न झाले. भाषणांच्या तारखांमुळे ते अनेकदा पुढे ढकलावे लागले होते. पती फर्डिनंड बार्नेट वकील, ‘कॉन्झर्व्हेटर’ या काळ्यांच्या पत्राचे संस्थापक, विधुर, पदरी दोन मुलगे. ते पत्र आता बाईंनी हाती घेतले. (आपल्याकडे तानुबाई बिर्जे यांनी पतीच्या निधनानंतर ‘दीनबंधू’ चालवला. त्यांची आठवण आपल्यालाही कितीशी आहे?) बाईंनी माहेरचे नाव सोडले नाही, दोन्ही आडनावे जोडून वेल्स-बार्नेट लावले. घरात स्वयंपाक बहुतेक वेळा नवराच करी, त्याला त्याची आवड होती. रमाईच्या त्यागाची गाणी गाताना आमच्या किती कार्यकर्त्यांनी चुलीपुढे बसून पाहिले, असा प्रश्न आम्हाला येथे पडतो.

१८९६ च्या मार्चमध्ये चार्ल्स जन्मला. चार महिन्यांच्या त्या बाळाला घेऊन बाई वॉशिंग्टनला कृष्णवर्णीय स्त्रियांच्या राष्ट्रीय संघटनेच्या स्थापनेला गेल्या. शेकडो मैल चोरवाटांनी गुलामांना पळवून नेणारी वृद्ध हॅरिएट टबमन तेथे होती, आणि सर्वांत धाकटा सभासद म्हणून तिने ते बाळ सभेला दाखवले. त्याच साली निवडणूक प्रचारासाठी बाईंना इलिनॉय राज्यभर फिरायचे होते. अंगावर पिणारे मूल आहे, असे त्यांनी कळवले. तेव्हा बोलावणाऱ्या बायकांनी प्रत्येक गावी बाळासाठी दाई ठरवून ठेवली. एका सभेत आईचा आवाज ऐकू येतो पण आई दिसत नाही म्हणून पोराने भोकाड पसरले, तेव्हा अध्यक्षबाईच उठल्या आणि त्याला बाहेर घेऊन गेल्या. भाषण पुरे झाले. आपल्या परिषदांच्या पत्रिकांवर स्वागताध्यक्षांपासून मंडपवाल्यापर्यंत सर्वांची नावे असतात, लेकरे सांभाळण्याची सोय छापलेली मात्र आम्ही आजवर पाहिली नाही.

१८९७ मध्ये दुसरा मुलगा हर्मन झाला. आता बाईंनी ‘कॉन्झर्व्हेटर’ सोडला, आपल्या नावाच्या महिला मंडळाचे अध्यक्षपदही सोडले. आईपण हे स्वतःच एक पूर्ण वेळेचे काम आहे, अशी त्यांची समजूत झाली. त्यांना येथे कमी लेखण्याचे कारण नाही. सोळाव्या वर्षापासून त्या दुसऱ्यांची पोटे भरत आल्या होत्या.

पण घरी बसणे काही महिनेच टिकले. फेब्रुवारी १८९८ मध्ये दक्षिण कॅरोलिनातील लेक सिटी येथे फ्रेझर बेकर या काळ्या पोस्टमास्तरचे घर जमावाने पेटवले. बेकर मेला, आणि आईच्या कडेवरची तान्ही मुलगीही गोळीने मेली. शिकागोत सभा झाली, आयडाबाईंनी राष्ट्राध्यक्षांकडे जावे असे ठरले. पाच महिन्यांच्या हर्मनला घेऊन त्या राष्ट्राध्यक्ष मॅकिन्ली यांना भेटल्या आणि पाच आठवडे वॉशिंग्टनमध्ये तळ ठोकून राहिल्या. मेलेल्या तान्हुलीचा न्याय मागायला दुसरी आई आपले तान्हे घेऊन उभी होती. पुढे खटला झाला, शिक्षा कोणालाच झाली नाही. लिंचिंगविरुद्ध देशाचा कायदा व्हायला २०२२ साल उजाडावे लागले.

त्याच वर्षी रॉचेस्टरला एका परिषदेच्या निमित्ताने त्या सुझन अँथनी यांच्याकडे उतरल्या होत्या. अँथनीबाई स्त्रियांच्या मताधिकाराच्या थोर नेत्या, अविवाहित. लग्न केल्यापासून तुझी चळवळ थंडावली, येथे आलीस तरी मन घरच्या बाळाकडे ओढते, कर्तव्य दुभंगते, असे त्यांनी सुनावले. आयडाबाईंनी उलट उत्तर दिले नाही. मनात आले ते त्यांनी पुढे आत्मचरित्रात लिहिले. अँथनीबाईंना जसा त्यांच्या माणसांचा पाठिंबा मिळाला तसा आपल्या कामाला आपल्याच लोकांकडून मिळाला नाही, एकटीने रेटून मन खचले, तेव्हा घर केले, असे त्या म्हणतात. आम्हाला हा त्यांच्या आयुष्यातला सर्वांत बोचरा भाग वाटतो. दोष मुलाला दिला गेला, आणि वर्गणी न देणारे, सोबत न येणारे, टाळ्या वाजवून घरी जाणारे सुटले. १९०९ मध्ये काळ्यांच्या हक्कांसाठी मोठी राष्ट्रीय संघटना उभी राहिली, तेव्हाही समितीच्या पहिल्या यादीतून त्यांचे नाव गाळले गेले होते. त्यांनी जाब विचारल्यावर ते घालण्यात आले.

१९०१ मध्ये मुलगी आयडा आणि १९०४ मध्ये अल्फ्रेडा झाली. नोव्हेंबर १९०९ मध्ये इलिनॉयमधील केरो गावी विल जेम्स या काळ्या कैद्याला जमावाने मारले. राज्याच्या कायद्यानुसार शेरीफची खुर्ची गेली. तो ती परत मागत होता. त्याला विरोध करायला पतीने बाईंना जायला सांगितले. बाई थकल्या होत्या. पुरुषांनी आपली कामे आपल्यावर ढकलायची आणि मग नावे ठेवायची, याचा त्यांना वीट आला होता. त्या लेकराला झोपवता झोपवता स्वतःच झोपी गेल्या. तेव्हा तेरा वर्षांच्या चार्ल्सने आईला उठवले आणि सांगितले, की तू गेली नाहीस तर दुसरे कोणीही जाणार नाही. दुसऱ्या दिवशी चारही लेकरे आईला पोचवायला स्टेशनवर गेली. बाईंनी केरोत लोकांना भेटून पुरावे गोळा केले, राज्यपालांपुढे बाजू मांडली. शेरीफला खुर्ची परत मिळाली नाही.

पुढची दोन दशके दक्षिणेतून आलेल्या तरुणांसाठी शिकागोत वाचनालय व निवारा, मताधिकारासाठी काळ्या स्त्रियांचे मंडळ, अर्कान्सासच्या हत्याकांडावरची पुस्तिका, असे चालूच राहिले. १९२८ मध्ये त्या आत्मचरित्र लिहायला बसल्या. २५ मार्च १९३१ रोजी त्या वारल्या, तेव्हा हस्तलिखित अपुरे होते.

ते हस्तलिखित धाकट्या अल्फ्रेडाने सांभाळले. १९४५ मध्ये तिचा नवरा गेला. पदरी पाच मुले, उपजीविकेसाठी समाजसेविकेची नोकरी, आणि त्यातून वेळ काढून आईच्या मजकुराची जुळणी. प्रकाशकांचे उंबरे तिने वर्षानुवर्षे झिजवले. अखेर १९७० मध्ये शिकागो विद्यापीठाच्या मुद्रणालयाने ‘क्रूसेड फॉर जस्टिस’ प्रसिद्ध केले, संपादक म्हणून अल्फ्रेडा डस्टर हे नाव घालून. आईचे लिखाण शेवटच्या प्रकरणात एका वाक्याच्या मध्येच तुटले होते. लेकीने ते तसेच छापले.