विश्लेषण : एनआयसीयूतल्या बाळाचे औषध आणि कान, कोण होते सेलमन वॅक्समन?

पिंपळे सौदागरमधल्या एखाद्या घरातले बाळ वेळेआधी जन्मले आणि एनआयसीयूत ठेवावे लागले, की जंतुसंसर्गासाठी अनेकदा जेंटामायसिन किंवा अमिकासिन दिले जाते. या गटातले पहिले औषध स्ट्रेप्टोमायसिन. पुढे ते इथून जवळच, पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्येही बनू लागले. ते सापडले सेलमन वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत.

शोध कुणाचा?

वॅक्समन यांचा जन्म १८८८ मध्ये, आजच्या युक्रेनमधल्या एका खेड्यात, ज्यू कुटुंबात. धाकटी बहीण घटसर्पाने गेली. १९१० मध्ये ते अमेरिकेत आले, रटगर्समध्ये शेतीशास्त्र शिकले आणि मातीतल्या सूक्ष्मजीवांतच रमले. ‘अँटिबायोटिक’ हा शब्द आजच्या अर्थाने त्यांनीच रूढ केला.

ऑक्टोबर १९४३ मध्ये त्यांचा विद्यार्थी अल्बर्ट शॅट्झ याने तळघरातल्या प्रयोगशाळेत स्ट्रेप्टोमायसिन वेगळे केले. क्षयावर गुण देणारे हे पहिले अँटिबायोटिक. श्रेय आणि पैशांवरून १९५० मध्ये शॅट्झ कोर्टात गेला. तडजोडीत त्याला सहसंशोधक म्हणून मान्यता आणि रॉयल्टीत ३ टक्के वाटा मिळाला. १९५२ चे नोबेल मात्र एकट्या वॅक्समन यांना, आणि ते अनेकांना आजही खटकते. पण मर्क कंपनीचा या औषधावरचा एकाधिकार सोडवून घेण्यात पुढाकार वॅक्समन यांचाच होता. त्यामुळे इतर कंपन्यांनाही ते बनवता आले.

कानाला धोका कसा?

सुरुवातीच्या क्षयरुग्णांनाच चक्कर येऊ लागली, तोल जाऊ लागला, काहींचे ऐकणे कमी झाले. १९४९ मध्ये वॅक्समन यांच्याच प्रयोगशाळेतून आलेले निओमायसिन तर कानाला इतके घातक ठरले, की ते इंजेक्शनातून मागे पडून मुख्यतः मलमांत उरले. ही औषधे आतल्या कानातल्या केसपेशी मारतात, त्या माणसात पुन्हा उगवत नाहीत.

वॅक्समन १९७३ मध्ये वारले. काहींना मोजक्या डोसनेही बहिरेपण का येते, याचे एक कारण १९९३ मध्ये कळले: आईकडून येणारा मायटोकाँड्रियातला जनुकीय बदल. तो अर्ध्या तासाच्या आत ओळखणारी चाचणी मँचेस्टरच्या एनआयसीयूत वापरून पाहिली गेली.

मग औषध नाकारायचे का?

नाही. नवजात बाळाचा सेप्सिस काही तासांत जीव घेऊ शकतो. शिवाय अपुरे दिवस, तीव्र कावीळ, व्हेंटिलेटर यांचाही कानावर परिणाम होतो, म्हणून एकट्या औषधाला दोष देता येत नाही. एनआयसीयूत पाचपेक्षा जास्त दिवस राहिलेल्या बाळाला नुसती ओएई चाचणी पुरत नाही. कानाच्या नसेतला दोष तीत निसटू शकतो. त्यासाठी बेरा लागते. ही औषधे पाच दिवसांहून जास्त दिली असतील, तर पहिली चाचणी पास झाली तरी नऊ महिन्यांच्या आत पुन्हा तपासणी करून घ्यावी.